टेप चढेपर्यंत

जिनिंगच्या रस्त्याला यंदाही कापसाच्या गाड्यांची रांग लागली आहे. पूर्वी बैलगाड्या असायच्या, आता ट्रॅक्टर आणि टेम्पो असतात. पण वाऱ्यावर उडणारी रुई तीच. या दिवसांत नांदुऱ्यात ती कुठंही सापडते. बाभळीच्या काट्यांत, विजेच्या तारांवर, दोरीवर वाळत घातलेल्या गडद कपड्यांवर. सकाळी बँकेत निघण्याआधी मी खिडकीशी बसून लॅपटॉप उघडते, तेव्हा त्याच्या झाकणावरही दोन-चार तंतू चिकटलेले असतात. मी ते बोटानं निपटते आणि झाकण उचलते. पडदा उजळलेलाच असतो. मी अजून चहाही गाळलेला नसतो आणि तो तयार. घरात मी एकटी. बाबांना जाऊन दोन वर्षं होत आली. इतक्या पटकन सुरू होणाऱ्या यंत्रासमोर बसून करायचं काय, असं कधीकधी वाटतं. वाट पाहायचीही गरज उरली नाही.

आमच्या घरातला पहिला कॉम्प्युटर सुरू व्हायला फार वेळ लागायचा. त्या वेळासाठीच तो घरात आला होता, असं मला आता वाटतं.

मी सातवीत होते. त्या साली श्रावणात आई गेली. अकोल्याच्या दवाखान्यात, भर दुपारी. खाटेजवळ त्या वेळी मी एकटीच होते. त्याबद्दल नंतर मला कुणी काही विचारलं नाही, आणि मीही आपणहून कुणाला काही सांगितलं नाही. बाबा रेल्वेच्या मालधक्क्यावर क्लर्क होते. आम्हाला रुळांच्या बाजूला दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. आई असताना त्या दोन खोल्या पुरायच्या नाहीत. ती रविवारी विहारात वंदनेला जायची आणि परत येताना चार बाया घेऊन यायची. मग चहा, हसणं, सुपातलं धान्य निवडणं. ती गेल्यावर त्याच खोल्या एवढ्या मोठ्या झाल्या की एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हाक पोचेना.

बाबा मुळातच कमी बोलणारे. आता तर ते माझ्याकडं पाहायचंही टाळायचे. सकाळी भाकरी करायचे, एका बाजूनं करपलेली. करपलेली बाजू स्वतःच्या ताटात वळवून घ्यायचे. संध्याकाळी विचारायचे, "जेवली?" मी म्हणायची, "हाव." दिवसभराचं बोलणं एवढंच. ते माझ्यावर रागावले आहेत, अशी माझी पक्की समजूत होती. का रागावले असतील ते मला ठाऊक नव्हतं. पण बारा वर्षांच्या मुलीला कारण लागत नाही, ती ते स्वतःतच शोधून काढते.

दसऱ्याच्या सुमारास मामा आला. तो आखातात इलेक्ट्रिशियन होता. बहिणीच्या मातीला त्याला येता आलं नव्हतं. दारात पाय ठेवला आणि तो उंबऱ्यावरच बसला. रडून झाल्यावर त्यानं पिशवीतून एक खोकं काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

"तुह्या आईनं सांगतलं होतं," मामा म्हणाला. "मागच्या खेपेले म्हने, प्रज्ञासाठी ते कॉम्प्युटर का काय असते ते आन. रेडिओवर ऐकलं होतं तिनं."

बाबांनी खोकं उघडलं. आत शाळेच्या पाटीएवढी काळी वस्तू होती. तिला रबराची बटणं, मागं दोन-तीन भोकं, एक वायर आणि एक जाडजूड इंग्रजी पुस्तक. बाबांनी ती उलटी करून पाहिली.

"अन् बाकीचं कुठं हाये?"

"हाच हाये पुरा, भाऊजी. टीव्हीले जोडा लागते."

मामानं त्याच रात्री तो जोडून दाखवला आणि दोन दिवसांनी निघून गेला. पुढचं आमच्यावर आलं.

तो सुरू करायच्या तऱ्हा हळूहळू कळत गेल्या. पहिली सोपी. आधी स्टॅबिलायझर लावायचा, त्याची घरघर स्थिर होऊ द्यायची. मग टीव्ही. आमचा टीव्ही काळापांढरा, लाकडी झडपांचा. तो तापायलाच वेळ घ्यायचा. मग कॉम्प्युटरची पिन लावायची आणि टीव्हीची चकती इतकी हळू फिरवायची की मुंग्यांच्या गर्दीतून एकदम शांत, राखाडी पडदा उगवायचा. खाली इंग्रजीची एक ओळ. झालं. यापुढं तो काही करायचा नाही. त्याच्या पोटात काहीही नसायचं. आपण सांगू तेवढंच त्याला कळणार.

दुसरी तऱ्हा हातानं शिकवायची. पुस्तकात पानपानभर प्रोग्राम छापलेले होते. बाबा चष्मा लावून एकेक अक्षर मोठ्यानं वाचायचे आणि मी ते बटण शोधून दाबायची. "स्वल्पविराम. स्वल्पविराम दाबला का?" "दाबला." "आता अवतरण." दिवाळीची अख्खी सुट्टी त्यात गेली. एकदा आमचं पान पूर्ण होत आलं होतं आणि वीज गेली. आली तेव्हा पडदा पुन्हा राखाडी, खाली तीच ओळ. सकाळपासूनचं सगळं तो विसरला होता. मला रडू कोसळलं. बाबा पुस्तकाचं पान पहिल्या ओळीवर आणून म्हणाले, "चाल, पुन्हा." त्यांच्या आवाजात राग नव्हता. कितीतरी दिवसांनी मी त्यांचा आवाज सलग इतका वेळ ऐकत होते, ही गोष्ट मात्र तेव्हा माझ्या लक्षात आली नाही.

तिसरी तऱ्हा कॅसेटची. मामानं एक कॅसेट दिली होती, तिच्यात एक खेळ होता. भिंतींच्या भुलभुलैयातून एक उंदीर पळतो, एवढाच खेळ. पण तो कॅसेटमधून कॉम्प्युटरमध्ये चढवायला टेपरेकॉर्डर हवा, आणि आमच्याकडं तो नव्हता. शेजारच्या रशीदाखालाकडं होता. तिचा नवरा पिंजारी. या हंगामात त्यांच्या ओसरीवर गाद्या-रजयांचा कापूस पिंजण्याचा आवाज दिवसभर चालायचा. खाला संध्याकाळचं काम आटोपलं की टेपवर कव्वाली ऐकायची. मी मागायला गेले तेव्हा तिनं पदरानं टेप पुसून माझ्या हातात दिला.

"ले जा, बेटी. कव्वाली के टाइम पे वापस ले आना, बस."

मग ते रोजचंच झालं. शाळेतून आलं की खालाकडून टेप आणायचा. बाबा मालधक्क्यावरून आले की हातपाय धुऊन स्टुलावर बसायचे. मी वायर लावायची, आज्ञा टाइप करायची. बाबा टेपचं बटण दाबायचे. आणि मग तो आवाज. कर्कश, एका सुरातला, मधेच फाटणारा. पडद्याच्या कडेनं पट्टे धावू लागायचे. हे असं कितीतरी मिनिटं चालायचं. त्या वेळात काहीही हलवायचं नाही. आवाज जरा कमी किंवा जास्त असला की शेवटी शेवटी पट्टे थांबायचे आणि चूक झाल्याची ओळ यायची. पुन्हा सगळं पहिल्यापासून. बरोबर आवाज कुठं येतो ते सापडायला आम्हाला चार-पाच संध्याकाळी लागल्या. सापडला त्या दिवशी बाबा उठले, भिंतीवरच्या आरशाला आईच्या टिकल्यांचं पाकीट अडकवलेलं होतं त्यातली एक लाल टिकली काढली आणि टेपच्या आवाजाच्या चकतीपाशी खुणेला चिकटवली.

रुळांवरून मोठी गाडी धडधडत गेली की टेबल हलायचं, वायर सैल व्हायची आणि टेप वाया जायची. गाड्यांच्या वेळा बाबांना तोंडपाठ होत्या. ते कान देऊन म्हणायचे, "थांब. मालगाडी जाऊ दे." आणि रुई. ती दाराच्या फटीतून येऊन टेपच्या तोंडाशी बसायची, मग आवाज घुसमटायचा. बाबा उदबत्तीच्या काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटमध्ये बुडवून टेपचं तोंड पुसायचे. कापसानंच कापूस काढायचा. अशा वेळी त्यांच्या चेहऱ्यावर हसण्यासारखं काहीतरी येऊन जायचं.

खेळाचं म्हणाल तर तो मला फारसा आवडायचा नाही. उंदीर पळायचा, अडकायचा, मरायचा. बाबा तर खेळायचेच नाहीत. खरी संध्याकाळ त्याच्या आधीच होऊन जायची, टेप चढत असताना. आम्ही दोघं खांद्याला खांदा लावून गप्प बसलेलो असायचो. एकमेकांकडं पाहण्याची सक्ती नव्हती, आणि दोघांनाही पाहायला एकच जागा होती.

मग आत्या आली. बाबांची मोठी बहीण, दुसरबीडला दिलेली. रस्त्यावरचं मोठं गाव, घरात सासू, जावा, पोरं, रस्त्याकडेला किराण्याचं दुकान. ती मनानं चांगली होती. आल्या आल्या तिनं माझं डोकं विंचरलं, गुंतवळ पाहून डोळे पुसले आणि जेवायच्या वेळी विषय काढला.

"भाऊ, पोरगी मोठी होऊन राह्यली. उद्या तिले काही झालं, काही विचारा लागलं, तं तुले विचारन का ते? बाईमाणूस पाह्यजे तिले. मी नेतो तिले माह्याकडं. शाळा हाये आमच्या गावात."

मी बाबांकडं पाहिलं. ते ताटातल्या भाकरीचा तुकडा मोडत होते. मोडत राहिले.

"हाव," ते म्हणाले. "ने."

एवढंच. माझी समजूत खरी ठरली, असं मला वाटलं. निघायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही टेप लावली. ती चढली नाही. पुन्हा लावली, पुन्हा शेवटी शेवटी तुटली. बाबा परत परत मागं गुंडाळत राहिले, मधेच काडीला कापूस लावून पुसत राहिले. आत्या आतून म्हणाली, "राहू दे नं आता, सकाळी उठा लागते." त्या दिवशी मात्र ती चढलीच नाही.

पुढं अकोल्याला कॉलेजात असताना मी दुसरे कॉम्प्युटर पाहिले. थंडगार खोलीत, काचेच्या दारामागं. चपला बाहेर काढाव्या लागायच्या. एक फ्लॉपी घालायची, ती करकरायची, मग काढून दुसरी घालायची. मैत्रिणी कंटाळायच्या. मला ती करकर संपू नये असं वाटायचं. बँकेत पहिली मशीनं आली तेव्हा सकाळी ती सुरू होईपर्यंत कॅशियरपासून शिपायापर्यंत सगळे टेबलाशी उभे राहून बोलत असायचे. कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाची बदली. मग मशीनं भरभर सुरू व्हायला लागली आणि लोक आपापल्या खुर्च्यांवर जाऊन बसले. याचा दोष मी कुणाला देत नाही. माझं मन त्या उभ्या राहण्याकडं वळून पाहतं, एवढंच.

त्या वर्षी दुसरबीडला आत्याचं घर माणसांनी भरलेलं होतं. आत्याच्या मुली माझ्या अंथरुणात शिरून गोष्टी सांगायच्या. मी त्यांना कॉम्प्युटरचं सांगितलं तर त्या हसल्या. "पाटीतून टीव्ही लागते म्हने! फेकून राह्यली वं हे." मला कुणी वाईट वागवलं नाही. पोटभर जेवायला होतं, केस रोज विंचरले जायचे. पण संध्याकाळी, दुकानासमोर एसट्या थांबून निघून जायच्या तेव्हा, एवढ्या माणसांच्या मधे बसून मी मनातल्या मनात स्टॅबिलायझर लावायची, मग टीव्ही, मग पिन. पडदा राखाडी व्हायचा. पुढं काही आठवायचं नाही. आईचा चेहरासुद्धा नीट आठवेनासा झाला होता. दवाखान्यातली दुपार मात्र जशीच्या तशी होती, आणि ती सांगायला त्या भरल्या घरात मला एकही माणूस सापडत नव्हतं.

संक्रांतीला बाबा मला न्यायला आले. दोन दिवसांसाठी. ते वाळले होते. दोन एसट्या बदलून आम्ही नांदुऱ्याला पोचलो तोवर दुपार कलली होती. क्वार्टरचं कुलूप उघडलं. टीव्हीच्या झडपा बंद होत्या. कॉम्प्युटर आईच्या एका जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला, आणि त्या तुकड्यावर रुईचा पातळ थर. इतक्या दिवसांत कुणी त्याला हात लावलेला नव्हता.

"तुमी लावत नाई का बाबा?"

"नाई."

"काऊन?"

"एकट्यानं नाई जमत ते," बाबा म्हणाले. "एकानं टेप पाहा लागते, एकानं पडदा."

मी लुगड्याचा तुकडा उलगडला. एकट्यानं जमतं. दोन हात पुरतात. बाबा खोलीत नसताना मी कितीदा तरी एकटीनं लावला होता, आणि हे त्यांनाही ठाऊक होतं.

मी टेप मागायला खालाकडं गेले. तिनं मला जवळ घेतलं, गालावरून हात फिरवला आणि फळीवरून टेप काढून दिला. "तेरे बाबा एक बार भी नहीं आये माँगने," ती म्हणाली. "मैं रोज शाम को निकाल के रखती थी, बेटी. सोचती थी, आज आयेंगे."

बाहेर अजून ऊन होतं. बाबांनी काडीला कापूस गुंडाळून टेपचं तोंड पुसलं. मी आज्ञा टाइप केली. त्यांनी बटण दाबलं. आवाज सुरू झाला, पट्टे धावू लागले. आम्ही पूर्वीसारखे शेजारी बसलो. मग बाबा पडद्यावरची नजर न काढता म्हणाले,

"त्या दिवशी मी बाहेर बाकावर झोपलो होतो."

कोणत्या दिवशी, ते विचारायची गरज नव्हती.

"कितीक रात्री जागा होतो. जरासा बसलो, अन् डोया लागला. नर्सबाईनं हालवलं तवा..." ते थांबले. टेपचा कर्कश आवाज चालूच होता. "तिनं मले हाक मारली अशीन. तू बी आली अशीन उठवाले. अन् मी उठलो नाई. हाव नं?"

तेव्हा मला कळलं की इतके महिने ते माझ्याकडं का पाहत नव्हते. मी त्या दुपारची एकटी साक्षीदार होते, आणि मला विचारायची त्यांना भीती वाटत होती. म्हणून त्यांनी मला आत्याबरोबर जाऊही दिलं होतं.

"नाई, बाबा."

"काय नाई?"

"हाक नाई मारली तिनं. मीच चालली होती तुमाले उठवाले. आईनं माहा हात धरला. म्हने, नको उठवू. आताच डोया लागला त्यायचा. झोपू दे त्यायले."

बाबांनी पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. सरळ, डोळ्यांत.

"असं म्हने?"

"हाव."

"अजून काय म्हने?"

"पानी दे म्हने. मी चमच्यानं देलं. मंग बोलली नाई. हात नाई सोडला पन."

"पुन्हा सांग," बाबा म्हणाले.

मी पुन्हा सांगितलं. आईचे शब्द जसेच्या तसे. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि त्यांचे खांदे हलू लागले. बाबांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. काय करावं ते कळेना, म्हणून मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसले. टेप केव्हा थांबली ते आम्हाला कळलं नाही. पडद्यावर भिंती उभ्या राहिल्या होत्या आणि उंदीर कोपऱ्यात कुणी तरी त्याला हलवील म्हणून थांबला होता. बाहेरून मालगाडी गेली, टेबल हललं. आता हललं तरी चालणार होतं.

कव्वालीची वेळ टळली तशी खाला टेप न्यायला आली. दार उघडंच होतं. तिनं आम्हा दोघांना पाहिलं आणि चौकटीला हात टेकून क्षणभर उभी राहिली. मग काही न मागता तशीच परत गेली.

त्या संध्याकाळी आम्ही आईबद्दल बोललो. बाबाच जास्त बोलले. लग्नात तिनं माळ घालताना त्यांच्या टोपीला धक्का लागला होता ते, मी झाले तेव्हा ती काय म्हणाली होती ते. भात लागला तो तसाच खाल्ला. पडद्यावरचा उंदीर आम्ही बंद करायचंही विसरलो.

पुढं उन्हाळ्यात एकदा विजेचा दाब वाढला आणि तो कॉम्प्युटर जळाला. नांदुऱ्यात काय, खामगावातही तो कुणाला दुरुस्त करता आला नाही. आम्हाला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही.

पण ते नंतरचं. संक्रांतीनंतर दोन दिवसांनी बाबांनी मला दुसरबीडच्या एसटीत बसवलं नाही. आत्याला निरोप पाठवला. ती वर्षभर त्यांच्याशी बोलली नाही, मग बोलली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, माझं बोट धरून नांदुऱ्याच्या शाळेत गेले. मी बोट धरण्याच्या वयाची राहिले नव्हते, तरी त्यांनी धरलं आणि मीही सोडवून घेतलं नाही. हेडमास्तर वैतागले होते. दाखला काढून पुरते दोन महिनेही झाले नव्हते.

"अहो, आत्ताच तर नेलं होतं पोरीला," ते म्हणाले. "तिकडं चांगली सोय होती म्हणता, मग परत का आणली?"

बाबांनी जरा विचार केला. मला वाटलं ते शाळेचं, अभ्यासाचं काहीतरी कारण सांगतील.

"घरी कोनी नव्हतं, सर," ते म्हणाले.